लक्ष उडालं, पण नेमकं कुठे?

प्रश्न : कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र, थोडक्यात. नवऱ्याला नैरोबीत दोन वर्षांची नोकरी मिळाली, म्हणून त्या बिनपगारी रजा घेऊन मुलीसह तिथे गेल्या. पार्कलँड्स भागात घर आहे. जाऊन अकरा महिने झाले. एक कथासंग्रह नावावर आहे आणि प्रकाशकाला कादंबरी कबूल केलेली आहे. विषय १९८२ चा गिरणी संप. आजोबा लालबागच्या चाळीत राहायचे, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. संपात आजीनं भाजी विकून घर चालवलं एवढंच त्यांना ठाऊक आहे, आणि तिथेच कादंबरी अडलीय. दोन प्रकरणं झालीत, तीच पुन्हा पुन्हा लिहिली जातात. सकाळी पावणेसातला मुलगी शाळेच्या व्हॅनमध्ये बसली की त्या लॅपटॉप उघडतात. मग आईचा फोन, घरच्यांचे ग्रुप, मराठी बातम्या, संपावरचे जुने व्हिडिओ, संपलेलं विजेचं टोकन, कोपऱ्यावरची भाजीवाली, आणि बघता बघता दुपार. संध्याकाळी नवरा मायेनं विचारतो, "आज किती झालं?" आणि त्यांना रडू फुटतं. एकदा सकाळपासून लाइट नव्हती, त्या दिवशी मुलीच्या वहीत चार पानं लिहून झाली. "पण तो अपवाद," असं त्या म्हणतात. "या देशात लिहायचं वातावरणच नाही. इथे आल्यापासून माझं लक्ष उडालंय. कामाला बाई आहे, सासर-माहेर लांब, वेळच वेळ आहे, तरी माझ्याच्यानं होत नाही. व्हॉट्सॲप कायमचं काढून टाकू का? की सहा महिने एकटीनं भारतात येऊन लिहू? की मी लेखिका नाहीच?"

उत्तर :

तुमचं पत्र वाचलं आणि मग पेन्सिल घेऊन परत वाचलं. दुसऱ्या वेळी, तुम्ही ज्याला ज्याला व्यत्यय म्हटलंय त्याखाली रेघ मारत गेले. आईचा फोन. भावंडांचा ग्रुप, कॉलेजच्या सहकाऱ्यांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप. मराठी वृत्तवाहिनीवरची चर्चा. मुलाखतींचे व्हिडिओ. या सगळ्या रेघा कोल्हापूर-मुंबईला जाऊन मिळतात. नैरोबीचे म्हणावेत असे व्यत्यय दोनच निघाले, विजेचं टोकन आणि भाजीवाली. त्यातलं टोकन म्हणजे मोबाइलवरून पैसे भरायचे, आलेला वीस आकडी नंबर मीटरवर दाबायचा, पाच मिनिटांत काम संपतं. त्यामुळे 'आफ्रिकेत येऊन लक्ष उडालं' हे मला तुमच्याच पत्रावरून पटत नाही. लक्ष उडालंय, हे खरं. पण तुम्ही राहताय नैरोबीत आणि दिवस काढताय कोल्हापूरचा, आणि तोही फोनवरून. दोन्हीकडचा त्रास होतो आणि दोन्हीकडचं सुख हाती लागत नाही, ते म्हणून.

यात दोष देण्यासारखं काही नाही. परदेशी गेलेलं माणूस पहिल्या वर्षात असंच करतं. पण रोगाचं नाव चुकलं की औषधही चुकतं, आणि तुम्ही सुचवलेली दोन्ही औषधं (व्हॉट्सॲप काढून टाकणं, भारतात परत येणं) चुकीच्या नावावरून निघालीत असं मला वाटतं.

आधी 'वेळच वेळ आहे' या वाक्याकडे येऊ, कारण पत्रात ते तीनदा आलंय आणि दर वेळी स्वतःला टोचायला आलंय. तुम्ही डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या पत्नीला मिळणाऱ्या परवानगीवर, तिथे आहात. त्या पासवर केनियात नोकरी करता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. म्हणजे पंधरा-सोळा वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई एका विमानप्रवासात 'अमुक यांच्या पत्नी' झाली. कॉलेजात असताना कादंबरी हा तुमच्या आयुष्याचा एक भाग होता. पेपर तपासून, स्वयंपाक उरकून, रात्री दहानंतर तुम्ही कथा लिहायचात आणि संग्रह पुरा झाला. आता त्याच कादंबरीला तुमची नोकरीही व्हायचंय, पगारही व्हायचंय, आणि तिथल्या मराठी मंडळात कुणी "दिवसभर काय करता?" विचारलं तर द्यायचं उत्तरही तीच. वर्षभराच्या बिनपगारी रजेची परतफेडसुद्धा तिनंच करायची. एवढं ओझं दोन प्रकरणांच्या अंगावर टाकलं तर ती पुढे सरकतील कशी? सकाळी लॅपटॉप उघडताना तुमच्यासमोर 'आज आजीचा प्रसंग लिहू' एवढी साधी गोष्ट नसते. 'माझं इथे असणं आज सिद्ध होतंय का' हा निकाल असतो. त्या निकालापासून मन पळतं. फोन जवळ असतो, म्हणून ते फोनकडे पळतं.

चालढकल ही आळसाची बहीण आहे असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. या विषयावर वर्षानुवर्षं काम केलेले फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल हे मानसशास्त्रज्ञ वेगळं सांगतात. त्यांच्या मते प्रश्न वेळेच्या नियोजनाचा कमी आणि मनःस्थितीचा जास्त असतो : समोरचं काम जी धास्ती, जी लाज उभी करतं, ती तेवढ्यापुरती टाळायला माणूस काम टाळतो. मग टाळल्याची लाज वाटते आणि उद्याचं काम आणखी जड होतं. पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात कार्लटन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला २०१० चा एक अभ्यास आहे. पहिल्या परीक्षेआधी टंगळमंगळ केलेल्यांपैकी ज्यांनी स्वतःला त्याबद्दल माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. तुम्ही अकरा महिने रोज रात्री स्वतःला फैलावर घेताय. त्यानं पानं वाढलेली नाहीत. तेव्हा हा उपाय करून झाला, लागू पडला नाही, असं समजून सोडून द्या.

आणि तुमच्या यजमानांशी बोला. "आज किती झालं?" हा प्रश्न ते प्रेमानं विचारतात हे तुम्हालाही कळतं, म्हणूनच तो जास्त लागतो. त्यांना सांगा, पुढचे दोन महिने कादंबरीबद्दल काहीही विचारायचं नाही. त्याऐवजी शनिवारी सकाळी दोन तास मुलीला घेऊन त्यांनी बाहेर जायचं. ज्या मदतीचा हिशोब द्यावा लागत नाही, ती मदत मागा.

आता फोन. व्हॉट्सॲप कायमचं काढून टाकू नका. आई एकटी आहे, तिला रक्तदाबाचा त्रास आहे, आणि तुमच्या दिवसातलं प्रेमाचं बोलणं बरंचसं त्याच फोनमधून येतं. ते तोडलं तर आठवड्याभरात कासावीस होऊन तुम्ही सगळं परत चालू कराल, आणि स्वतःवर आणखी एक ठपका ठेवाल. फोन ठेवा, वेळा बदला. भारत नैरोबीच्या अडीच तास पुढे आहे, या एका गोष्टीचा तुम्ही अजून उपयोगच केलेला नाही.

पावणेसातला व्हॅन जाते तेव्हा तिकडे सव्वानऊ झालेले असतात. नाश्ते उरकलेत, कचेऱ्या उघडताहेत, बायका कामं आवरून दोन मिनिटं बसल्यात, पेपर वाचून सगळ्यांना मतं फुटलीत. अख्खा महाराष्ट्र बोलायला लागण्याची जी वेळ, नेमकी तीच तुम्ही लिहायला निवडलीय. 'पहाटे उठून आधी लिहावं' हा सल्ला सगळे देतात आणि तो वाईट नाही. पण देणारा आणि घेणारा एकाच देशात असतील तर. तुमच्या बाबतीत बघा : नैरोबीचे साडेदहा म्हणजे भारतात दुपारचा एक. जेवणं, मग वामकुक्षी. तुमच्या घड्याळात साडेदहा ते साडेबारा हे दोन तास सगळे ग्रुप आपोआप मंदावतात. ते दोन तास कादंबरीचे. त्याआधीची, पावणेसात ते दहाची वेळ नैरोबीला द्या : बाजार, टोकन, चालणं, आंघोळ, केरवारे करणाऱ्या बाईंशी चार शब्द. आणि आईला रोज दुपारी चारला फोन. तिकडे साडेसहा वाजलेले असतात, दिवेलागण झालेली असते, तिच्या मालिका सुरू व्हायच्या असतात. सकाळच्या घाईतल्या तीन तुटक फोनांपेक्षा हा एक निवांत फोन तिलाही आवडेल. फक्त तिला कारण सांगा. 'लिहायचंय' असं स्पष्ट सांगा. 'रेंज नसते' असं नको.

(हे वाचणाऱ्या इतरांसाठी : दारेसलाम आणि कंपालाचं घड्याळ नैरोबीचंच आहे. जोहान्सबर्गहून भारत साडेतीन तास पुढे, लागोसहून साडेचार. आपापल्या गावी बसून महाराष्ट्राच्या जेवणाची आणि झोपेची वेळ काढा. तुमचे शांत तास तेच.)

त्या दोन तासांत स्मार्टफोन कपाटात, बंद. आईची काळजी वाटणार, शाळेतून फोन आला तर काय हेही वाटणार; म्हणून एक साधा, बटणांचा फोन घ्या. केनियात अशा फोनला 'कबांबे' म्हणतात आणि तो कुठेही मिळतो. त्याचा नंबर तीनच ठिकाणी द्या : शाळा, नवरा, आई. आणि एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे भरायची तिथली सेवा, त्या फोनवरही चालते. २००७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा बहुतेकांच्या हातात असेच फोन होते. त्यामुळे मधेच वीज संपली तरी टोकनसाठी कपाट उघडायचं कारण उरत नाही.

आता त्या चार पानांबद्दल. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, 'अपवाद' म्हणून बाजूला सारलंत. मी मात्र तिथे थांबले. लाइट नव्हती म्हणजे वायफाय नव्हतं. लॅपटॉपची बॅटरी वाचवायची म्हणून तुम्ही मुलीची वही घेतलीत. वहीत आधीची दोन प्रकरणं नव्हती, त्यामुळे ती 'जरा सुधारून' बघता आली नाहीत. संदर्भ तपासता येत नव्हते, त्यामुळे तुम्ही तपासले नाहीत. आणि पानं झाली. अकरा महिन्यांत तुम्ही नकळत एकदाच योग्य परिस्थितीत बसलात आणि लिहिलंत. याला मी अपवाद म्हणणार नाही. हा तुमच्या हातात असलेला एकमेव पुरावा आहे. 'मी लेखिका नाहीच का' या प्रश्नाचं माझं उत्तरही त्यातच आलं. तेव्हा फुलस्केप वही आणा. दोन तास वहीतच लिहा. टंकलेखन आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, आणि टंकताना सुधारणा करायची नाही. पहिल्या दोन प्रकरणांची फाइल यजमानांच्या संगणकावर पाठवा आणि तुमच्याकडची काढून टाका. सबंध खर्डा होईपर्यंत ती परत मागायची नाही.

आणि भाजीवाली. माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि तुम्ही तो कबुलीजबाबासारखा लिहिलाय, जणू तिच्याकडे थांबणं हा गुन्हाच. तुमचंच वाक्य तुम्हाला परत देते : "ती सुकुमा विकीच्या (इथली पालेभाजी) पानांची गुंडाळी डाव्या मुठीत आवळते आणि बोलता बोलता सुरीनं केसासारखी बारीक चिरत जाते. खाली फळी नाही, काही नाही. नजर रस्त्यावर. टोमॅटोचे वाटे लावलेले, वजनकाटा नाहीच. पाऊस आला की एका हातानं प्लास्टिक ओढते आणि दुसऱ्या हातानं सुटे पैसे देते. उधारीची वही खिळ्याला टांगलेली." पत्राच्या चार पानांत हीच सहा वाक्यं जिवंत आहेत. बाकी सगळं पत्र एका थकलेल्या प्राध्यापिकेचं आहे; ही सहा वाक्यं लेखिकेची आहेत.

आणि तुमची कादंबरी अडलीय कुठे? लालबागच्या फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बाईपाशी. 'त्याबद्दल काहीच माहिती नाही' म्हणून तुम्ही रोज सकाळी संपावरचे व्हिडिओ बघता. त्यात दत्ता सामंत आहेत, सभा आहेत, १८ जानेवारी १९८२ ही तारीख आहे, अडीच लाख कामगार आहेत. आजी त्यात नाही आणि असणारही नाही, कारण तिच्यापुढे कॅमेरा घेऊन कुणी गेलंच नाही. मग त्यातून उठून तुम्ही कोपऱ्यावर जाता, अर्धा तास एका भाजीवालीसमोर उभ्या राहता, आणि घरी येऊन 'आज परत वेळ घालवला' म्हणून रडता. अहो, त्या अर्ध्या तासात तुम्ही कादंबरीचंच काम करत होतात. वेळ गेला तो आधीच्या दीड तासात.

विचार करा. नवऱ्याचा पगार थांबलाय, घरात पोरं आहेत, आणि जन्मात कधी धंदा न केलेली बाई पहिल्यांदा फुटपाथवर बसते. वजनकाटा घ्यायला पैसे होते का तिच्याकडे? की तिनंही वाटेच लावले? भांडवल कुणी दिलं? भायखळ्याच्या बाजारातून टोपली कोण उचलून आणायचं? पहिल्या दिवशी चाळीतली ओळखीची बाई समोर आली तेव्हा तिनं मान वर केली का? उधार द्यायची वेळ आली तेव्हा, समोरही संपातल्याच घरची बाई असताना, नाही म्हणता आलं का? आणि संध्याकाळी उरलेल्या भाजीचं काय? हे प्रश्न व्हिडिओ बघून सुचत नाहीत. रोज एका धंदा करणाऱ्या बाईसमोर उभं राहून सुचतात. उत्तरं लालबागची असतील, ती तुम्ही तुमच्या कल्पनेनं आणि घरच्या आठवणींतून काढाल. पण प्रश्न तुम्हाला पार्कलँड्सच्या कोपऱ्यावर मिळताहेत.

एक गोष्ट मात्र जपा. ती भाजीवाली तुमची आजी नाही. तिची स्वतःची लेकरं आहेत, गाव आहे, भाड्याची खोली आहे. तिच्याकडे 'मटेरियल' म्हणून बघू नका. गिऱ्हाईक म्हणून जा, थोडी स्वाहिली शिका, तिची ख्यालीखुशाली विचारा, तिला तुमची विचारू द्या. तिच्यासमोर वही काढू नका. घरी येऊन, लिहायला बसायच्या आधी, तीन-चार ओळी टिपा, बस.

'या देशात लिहायचं वातावरण नाही' हे वाक्य मात्र मी तुम्हाला सहज सोडू देणार नाही. मराठी वातावरण नाही, हे मान्य. पण तुमच्या विषयाचं म्हणाल, तर कामगार, संप, तुरुंग, उपासमार, आणि त्यात भारतातून आलेली माणसं, हे सगळं त्या शहराच्या इतिहासात आहे. तुमच्या घराजवळ लिमुरू रोडवर सिटी पार्क आहे. तिथल्या दफनभूमीत पिओ गामा पिंटो यांची कबर आहे. गोव्याच्या घरातला हा मुलगा नैरोबीत १९२७ साली जन्मला, शिकला भारतात, तरुणपणी मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरीला असताना तिथल्या संपात उतरला, गोव्याच्या मुक्तीसाठी धडपडला, आणि १९४९ मध्ये केनियात परतून तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात पडला. ब्रिटिशांनी त्यांना काही वर्षं स्थानबद्ध ठेवलं. केनिया स्वतंत्र झाल्यावर, २४ फेब्रुवारी १९६५ ला, नैरोबीतच गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. त्यांच्याजवळच जोसेफ मुरुंबी यांना पुरलंय. केनियाचे एकेकाळचे उपराष्ट्राध्यक्ष, वडील गोव्याचे, आई मसाई. मित्राच्या जवळ जागा मिळावी ही त्यांची इच्छा होती. मखनसिंग यांचं नाव कदाचित तुम्ही ऐकलं असेल. पंजाबातून आलेले, १९३५ पासून नैरोबीत कामगार संघटना बांधणारे. १९५० मध्ये त्यांनी जाहीरपणे स्वातंत्र्य मागितलं आणि १९६१ पर्यंत स्थानबद्धतेत राहिले.

एखाद्या सकाळी आठ वाजता सिटी पार्कात जाऊन या. सोबतीला कुणाला तरी घ्या. माकडं फार आहेत, हातात खाऊ ठेवू नका. आणि कृपा करून घरी येऊन पिंटोंवर वाचत बसू नका. तुम्ही अभ्यासू आहात, आणि अभ्यासू माणसाची चालढकल संशोधनाच्या कपड्यात येते, म्हणून ती ओळखू येत नाही. खर्डा होईपर्यंत नवा संदर्भ बंद. लिहिताना माहितीची खाच लागली की समासात फुली मारा, कंसात 'विचारायचं' लिहा आणि पुढे जा.

त्या फुल्यांचाच भारतवारीशी संबंध आहे. सहा महिने एकटीनं येण्याच्या मी विरोधात आहे. तुम्ही उतराल कोल्हापूरला आईकडे. पहिला महिना भेटीगाठींत, दुसरा डॉक्टर आणि बँकांत, मग लग्नसराई. लेक तिकडे, जीव तिकडे. म्हणजे नैरोबीत बसून जसं कोल्हापूर जगताय, तसं कोल्हापुरात बसून नैरोबी जगाल. शिवाय तुम्हाला हवी ती चाळ आता लालबागमध्ये आहे का? गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिलेत. जागा बघून आठवण येईल अशी आशा धरू नका. पण तीन आठवडे याच, मुलीच्या ऑगस्टच्या सुट्टीत, तिला घेऊन. नैरोबी-मुंबई थेट विमान सहा तासांचंच आहे. येताना समासातल्या फुल्यांची यादी आणा. आत्या किंवा मोठे काका असतील, आजीच्या शेजारपाजारच्या कुणी म्हाताऱ्या असतील, त्यांच्यासमोर बसून ते नेमके प्रश्न विचारा. 'संपाबद्दल सांगा' म्हटलं की माणसं ऐकलेली भाषणं सांगतात. 'आजी काटा वापरायची की वाटे लावायची?' म्हटलं की डोळे मिटून आठवायला लागतात. आणि हे लांबवू नका. ती पिढी थकलीय.

मंडळाचा गणपती सोडू नका. वर्षभरात तुमच्या भाषेत हसायची ती जागा आहे. पण कार्यक्रमाचं निवेदन, स्मरणिका, मुलांचं नाटक यांतलं एकच घ्या. 'मराठीच्या प्राध्यापिका आहात, घरीच असता' असं म्हणून सगळं तुमच्याकडे येणार. 'सकाळी मी कामावर असते' हे वाक्य म्हणून बघा. सुरुवातीला खोटं वाटेल, पण ते खोटं नाही.

आणखी एक, थोडक्यात पण मनापासून. रोजचं रडू, त्यात झोप उडणं, जेवण नकोसं होणं, मुलीच्या सहवासातही काही न वाटणं, असं दोन-तीन आठवडे सलग असेल तर कादंबरी बाजूला ठेवा आणि डॉक्टरला भेटा, तिथे किंवा व्हिडिओवरून इथल्या मराठी समुपदेशकाला. घर, नोकरी, गाव सगळं एकदम सुटलेल्या माणसाला असं होऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ते चालढकलीच्या खात्यात टाकू नका.

राहता राहिले प्रकाशक. त्यांना तुम्ही चार महिने टाळताय, त्यांचा मेल न उघडता ठेवलाय, आणि रोज सकाळच्या धास्तीत त्याचाही वाटा आहे. या आठवड्यात त्यांना चार ओळी लिहा : दोन प्रकरणं आणि काही सुटी पानं झालीत, ठरल्या तारखेला पूर्ण होणार नाही, नवी तारीख ऑगस्टच्या भारतभेटीनंतर कळवते. कारणमीमांसा नको, माफीचे परिच्छेद नकोत. पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंकांच्या गडबडीत त्यांना सवड नसते, म्हणून त्याआधी पाठवा. उत्तर बहुधा 'ठीक आहे' एवढंच येईल. लेखकांच्या पुढे ढकललेल्या तारखा हा प्रकाशकांच्या रोजच्या कामाचाच भाग आहे.